माप जुळत नाही

आमच्या गावात स्वस्त वस्तू पैसे टाकले की निमूटपणे पिशवीत येते, आणि थोडे जास्त पैसे देऊन घ्यायची चांगली वस्तू आधी घर बघायला येते.

हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पेठेतले सगळे दुकानदार तो पाळतात. मंगळवार आणि शनिवार हे बघण्याच्या कार्यक्रमाचे वार. वस्तूबरोबर दुकानातलं एखादं पोक्त माणूस येतं, कांदेपोहे होतात, वस्तू चार प्रश्न विचारते आणि तीन दिवसांत होकार किंवा नकार कळवते. नकार असेल तर खरं कारण काहीही असो, चिठ्ठीत ‘माप जुळत नाही’ एवढंच लिहायचं, म्हणजे कुणाचं मन दुखावत नाही. आमच्या शेजारच्या कारखानीसांना एका जाड बुडाच्या कुकरने नकार दिला, कारण त्या घरात शिट्ट्या कुणी मोजत नाही. कुकरचं आणि कारखानीसांचं माप काय जुळायचं होतं? पण चिठ्ठीत तेच होतं.

मी यशवंत टेंबे. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. सदतीस वर्षांच्या संसारात एकही वस्तू आमचं घर बघायला आली नव्हती आणि याचा मला अभिमान होता. पैसे आपण द्यायचे आणि वर बादलीने आपली परीक्षा घ्यायची, हे मला कधी पटलं नाही. गुरुवारच्या बाजारातली बादली काही विचारत नाही. फुटली की दुसरी आणायची. स्वस्त वस्तूंना बोलता येत नाही असं नव्हे. त्यांना कुणी काही विचारत नाही, एवढंच.

माझी बायको इंदुमती अठ्ठावीस वर्षं बालवाडीत शिकवत होती. बालवाडीत बाईंना खुर्ची असते, पण बसायला मिळत नाही. तीन वर्षांपूर्वी तिची टाच दुखायला लागली. सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. पलंगावरून उतरली की ती न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायची. रोज हात ठेवून ठेवून त्या भिंतीवर कमरेच्या वर एक काळपट पट्टा उमटला होता. पूर्वी संध्याकाळी आम्ही दोघं कालव्याच्या बांधावरून पुलापर्यंत फिरायला जायचो. दोन वर्षं मी एकटाच जात होतो, आणि परत आलो की ती विचारायची, “पुलापर्यंत गेलात का?”

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टाच दाबून पाहिली, मग दाराशी काढून ठेवलेल्या तिच्या चपला हातात घेऊन पाहिल्या आणि जास्त वेळ त्याच पाहत राहिले.

“गोळ्या देत नाही,” ते म्हणाले. “चप्पल चांगली घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि घरातसुद्धा घालायची. पलंगावरून उतरायचं ते चपलेतच.”

“घरात?” इंदूने विचारलं.

“घरात,” डॉक्टर म्हणाले.

म्हणून मी, यशवंत टेंबे, बारगजे यांच्या चपलांच्या दुकानात गेलो आणि शनिवारी साडेचारची वेळ घेतली.

कार्यक्रम ओट्यावर ठेवावा लागला. चप्पल उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं इंदूचं म्हणणं. डॉक्टरांचं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, “ते पुढचं पुढे बघू.” मग मी सतरंजी बाहेर अंथरली. चपला घरात येणार नव्हत्या, तेव्हा घरच चपलांकडे बाहेर गेलं.

बारगज्यांचे जुने नोकर नलावडे चपलांना ताटात घेऊन आले. खाली स्वच्छ रुमाल होता. चपला तपकिरी, जाड तळाच्या, सहा नंबर. इंदूचा नंबरही सहाच. पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा ठेवायची रीत आहे, तशा तीन ठेवल्या. तिन्ही नलावड्यांनी संपवल्या.

बोलायचं काम डावी करत होती. उजवी नुसती बसून होती.

“ती अबोल आहे,” नलावडे म्हणाले. “पण मनाने चांगली आहे.”

“फरशी कसली आहे, काकू?” डावीने विचारलं.

“शहाबादी.”

“ओल?”

“मोरीपाशी येते थोडी,” इंदू म्हणाली. ती खोटं बोलत नाही.

“घरात माणसं किती?”

“आम्ही दोघंच. मुलगी नाशकाला असते.”

“आणि आम्हाला ठेवाल कुठे?”

या प्रश्नाची इंदूने तयारी केली होती. ती जरा पुढे सरकून बसली. “त्याची काळजीच करू नका. खोक्यासकट कपाटात ठेवीन, वर फडकं घालीन. लग्नकार्य असलं तरच बाहेर काढणार. अगदी फुलासारखं जपेन.”

मी मान डोलावली. उत्तर मला फार आवडलं. आमच्या घरात चांगल्या वस्तूबद्दल याहून मोठा मान नाही.

डावीने विचारलं, “आणि रोज?”

“रोजला ह्या आहेत की,” इंदू म्हणाली, आणि पायरीशी काढलेल्या जुन्या चपला तिने दाखवल्या. गुरुवारच्या बाजारातल्या होत्या. मीच आणल्या होत्या.

“निघतो आम्ही,” डावी म्हणाली.

मंगळवारी चिठ्ठी आली. माप जुळत नाही.

इंदूने ती दोनदा वाचली आणि देवघराच्या फळीवर, विजेच्या बिलांवर ठेवून दिली. “असू दे हो,” ती म्हणाली. “चालतंय तोवर चालतंय.” दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागाच होतो. पलंग करकरला आणि मग भिंतीवरून हात सरकत गेल्याचा आवाज आला. तीन वर्षं तो आवाज होत असणार. मी पहिल्यांदा ऐकला. मला स्वतःचा राग आला, आणि राग आला की मी अर्ज करतो.

अर्ज लिहून मी दुकानात गेलो. सोबत पुरावा म्हणून पिशवीत इंदूची जुनी चप्पल घेतली. माप सहा असल्याचं तिच्यावरून सिद्ध होत होतं.

नलावड्यांनी अर्ज वाचला. “मापाचा प्रश्न नाही हो, टेंबेसाहेब. ते लिहायचं असतं.”

“मग फेरविचाराची काही तरतूद?”

“आहे. घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूने शब्द टाकला तर होतो फेरविचार.” त्यांनी पिशवीकडे पाहिलं. “ही बोलेल का?”

“मी कधी विचारलं नाही,” मी म्हणालो.

जुनी चप्पल गल्ल्याशेजारी ठेवली. नलावड्यांनी नव्या जोडीला फळीवरून खाली घेतलं. आयुष्यात जुनीला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं.

“काकू कशा आहेत?” डावीने विचारलं.

“हलक्या आहेत,” जुनी म्हणाली.

“म्हणजे?”

“टाच टेकवत नाहीत.”

“दुखते म्हणून?”

“नाही. दुखायला लागायच्या आधीपासूनच. माझ्या आधीच्या जोडीनेही मला तेच सांगितलं होतं. टाच टेकली की आम्ही लवकर झिजतो. आम्ही झिजलो की नवीन पाहिजे म्हणून काकांना सांगावं लागतं. काका काही ओरडत नाहीत. फक्त ‘इतक्या लवकर?’ एवढंच म्हणतात. तर त्यांनी ते म्हणू नये म्हणून त्या चवड्यावर चालतात.”

नलावडे उठून खोकी लावायला लागले. ती आधीच लावलेली होती.

मला फार लाज वाटली. तीस वर्षं खात्यात मी एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, आणि घरात एक बाई माझ्या दोन शब्दांपायी टाच उचलून चालत होती. हे मला कळायला एका चपलेची साक्ष लागली. मी काउंटरची कड धरून उभा राहिलो.

“वाईट वाटतं,” डावी म्हणाली, “पण मग तर अवघडच आहे, काका. आमच्यावरही त्या तशाच चालणार. आणि उरलेला वेळ आम्ही कपाटात. तुमच्या कपाटात आत्ता काय काय आहे?”

“बघून कळवतो,” मी म्हणालो.

घरी येऊन मी कपाट उघडलं. तिथे मुख्यतः आहेर होता. आहेरातल्या वस्तूंना घर बघता येत नाही. बिचाऱ्या जिथे पाठवतील तिथे जातात. इंदूच्या भावाने दिलेला जाड टॉवेल, सोळा वर्षांपूर्वीचा, लेबलासकट. चिनी मातीचे सहा कप, गवतात गुंडाळलेले. बालवाडीने निरोपसमारंभात दिलेली शाल. दोन पलंगपोस. एक चांगली सुरी, तिच्या पात्यावर अजून कागद होता.

मी टॉवेल बाहेर काढला.

“कुणाचं लग्न आहे?” टॉवेलने विचारलं.

“कुणाचंच नाही,” मी म्हणालो. “अंघोळ आहे.”

मला वाटतं टॉवेलचा विश्वास बसला नसावा. मग मी बाकीचंही पलंगावर मांडलं.

इंदू स्वयंपाकघरातून आली आणि पलंगावर मांडलेलं सगळं पाहून दारातच थांबली. “अहो, हे काय? पाहुणे आले तर त्यांना काय द्यायचं?”

“हेच. आपण प्यालेल्या कपातून.”

“कप फुटतील.”

“फुटू देत.”

“तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

मग मी तिला जुन्या चपलेने काय सांगितलं ते सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. नंतर म्हणाली, “चपलेने चुगली करायला नको होती.” आणि कपांभोवतीचं गवत काढायला लागली.

मी दुकानात तसं कळवलं, आणि पुढच्या शनिवारी दुसरा कार्यक्रम झाला. असा कार्यक्रम आमच्या पेठेत कुणी ऐकलेला नव्हता. कारखानीस गच्चीतून पाहत होते. चहा नव्या कपांत होता. ट्रे ठेवताना इंदूच्या टाचेत कळ आली, एक कप घसरला आणि ओट्यावर फुटला. एरवी असं काही झालं की ती आठवडाभर हळहळते. तिने तुकड्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी काहीच म्हणालो नाही. न म्हणणं मला जरा जड गेलं, पण जमलं.

“पाच राहिले,” ती म्हणाली आणि नलावड्यांना दुसऱ्या कपात चहा दिला.

तेव्हा उजवी पहिल्यांदा बोलली. आवाज तिचा लहान होता.

“दुखतं कुठल्या पायाला, काकू?”

“उजव्या.”

“मग मी येते.”

डावी तिच्याकडे वळली. “मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू आणखी प्रश्न काढले असतेस.”

मग डावी इंदूला म्हणाली, “ठीक आहे. एकच अट. टाच टेकवायची. पूर्ण.”

“अगं, झिजाल ना,” इंदू म्हणाली.

“झिजायलाच येतोय आम्ही, काकू.”

इंदूने पदराने डोळे पुसले. मी जास्तीचे पैसे नलावड्यांच्या हातात ठेवले, आणि खरं सांगतो, मला त्यांचं काही वाटलं नाही. नलावडे ताट घेऊन उंबऱ्यापाशी थांबले. चपलांबाबतचा इंदूचा नियम त्यांना माहीत होता. इंदू आत उभी होती. तिने एकदा देवघराकडे पाहिलं, एकदा ताटाकडे, आणि म्हणाली, “या.”

त्याला आता दोन महिने झाले. पहिल्या आठवड्यात तिला टाच टेकवायचं सुचायचंच नाही, तेव्हा डावी आठवण करायची. आता करावी लागत नाही. काल आम्ही पुलापर्यंत जाऊन आलो. सावकाश गेलो, मध्ये दोनदा बसलो, पण गेलो. पुलावर तिने कठड्याला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “इथवर येत होता होय रोज.” जुन्या चपला ओट्यावर असतात. संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी बसतो आणि काही ना काही विचारतो. त्या आता बऱ्यापैकी बोलतात.

पहाटे भिंतीवरचा आवाज येत नाही. पट्टा मात्र तसाच आहे, म्हणून मी खोलीला रंग द्यायचं ठरवलं. रंग दोन प्रकारचे मिळतात. स्वस्तातला लगेच डब्यात भरून देत होते. मी दुसरा सांगितला. तो शनिवारी साडेचारला घर बघायला येणार आहे. इंदूने कांदे चिरायला चांगली सुरी काढून ठेवली आहे.

भिंतीवरचा डाग कसला, असं रंग नक्की विचारणार. काय सांगायचं ते इंदूने मला विचारलं. जे आहे ते सांगू, असं मी म्हणालो.