भाऊजींच्या कानाचे दडे

ऐकून घेणं हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. हा पाया भक्कम राहावा म्हणून प्रत्येक मोठ्या संस्थेत एक तक्रार विभाग असतो, आणि तो सहसा जिन्याखाली असतो.

माझे भाऊजी अशाच एका विभागाचे प्रमुख. शहराला पाणी पुरवणाऱ्या संस्थेत लोकांचं ऐकून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. ते ऐकूनही घेत, म्हणजे तक्रारदाराचं दुसरं वाक्य सुरू होईपर्यंत. मग म्हणत, "मुद्द्यावर या." माणूस मुद्द्यावर आला की म्हणत, "हे आमच्याकडे येत नाही." या पद्धतीमुळे विभागात कधी गर्दी साचली नाही.

अशा अनुभवी माणसाला संस्थेने 'श्रवणकौशल्य' या विषयावरच्या परिषदेला विमानाने पाठवावं, हे योग्यच झालं. परिषदेत भाऊजी बोलले. (सगळेच बोलले. ऐकण्यासाठी चहाची सुट्टी राखून ठेवली होती.) तिथे त्यांना सर्दी झाली, आणि परतताना विमान खाली उतरू लागलं तसे दोन्ही कानांना दडे बसले. घरी आल्यावर ताईने विचारलं, "चहा टाकू का?" भाऊजी म्हणाले, "हो ना, फारच गर्दी होती."

कानाचा इलाज डॉक्टर सोडून सगळ्यांना माहीत असतो. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी भाऊजींना मान तिरकी करून एका पायावर उड्या मारायला लावल्या. (खालच्या मजल्यावरून तक्रार आली. ती भाऊजींनी ऐकली नाही.) ताईच्या सासूबाईंनी लेकाच्या कानाशी तोंड नेऊन "ऐकू येतंय का रे?" असं ओरडून विचारलं, आणि तो नुसताच बघत राहिल्यावर त्याहून मोठ्याने विचारलं. मी च्युइंगम दिलं, ते त्यांनी गिळलं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासून कागदावर लिहून दिलं: नाक दाबून जोर लावू नका, घोट घोट पाणी प्या, जांभया द्या, सर्दी उतरली की दडे सुटतील. इतका साधा इलाज घरात कुणाच्याच पसंतीस उतरला नाही.

रजा घ्यायचा प्रश्न नव्हता. ऐकू येत नाही एवढ्यावरून तक्रार विभागाचं काम अडत नाही. भाऊजी खुर्चीत बसले, समोरच्या ओठांकडे बघत राहिले, मधून मधून घोट घेत मान हलवत राहिले. लोक बोलले, पुरतं बोलले, डोळे पुसले, हात जोडून उठले. कपडे धुऊन संसार चालवणारी एक बाई बाहेरच्या रांगेला म्हणाली, "साहेबांनी मध्ये तोंडच घातलं नाही हो! देवमाणूस!"

समाधानी तक्रारदारांचं प्रमाण नऊ टक्क्यांवरून चौऱ्याण्णववर गेलं. (उरलेले सहा चुकून या खोलीत शिरले होते. तेही बरेचसे खूश होते.) नळाला पाणी मात्र होतं तेवढंच येत राहिलं. महाव्यवस्थापकांनी स्वतः खाली येऊन अभिनंदन केलं. भाऊजींनी त्यांच्यापुढेही मान हलवली.

हे घरीही घडणार हे उघड होतं. संध्याकाळी ताई त्यांच्यासमोर येऊन बसली. ती नर्स. म्हणाली, दुसऱ्या गावच्या इस्पितळात मुख्य परिचारिकेच्या जागेवर माझी निवड झालीय, रविवारीच घरी येता येईल, आईंकडे तुम्हाला बघावं लागेल. "चालेल ना?"

ती कानात घालायला तेल कोमट करायचं विचारतेय, असा भाऊजींचा समज झाला. "अगं, विचारतेस काय? कधीच करायला हवं होतं!"

ताई रडायला लागली. आपल्या कानाच्या काळजीने रडतेय, असं समजून भाऊजींनी तिची पाठ थोपटली.

मग एका सकाळी त्यांना एक लांबलचक जांभई आली. कानात टक् झालं आणि सगळं जग एकदम आत घुसलं: पंखा, कावळे, कुकरची शिट्टी आणि बॅगेची चेन. मी सामान उचलायला म्हणून दारातच उभा होतो.

"कुठे निघालीस?" भाऊजी म्हणाले.

"अहो, असं काय करता? आज रुजू व्हायचंय ना! तुम्हीच म्हणालात, कधीच करायला हवं होतं." ताई पदर सारखा करत हसली. "खरं सांगू? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलंत."

भाऊजींनी तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता तसा पाण्याचा एक घोट घेतला आणि जड बॅग उचलली.

बसथांब्यावर ते हळूच म्हणाले, "राहायचं कुठे ठरवलंयस?"

"सांगितलं की तेव्हा."

"परत सांग."

ताईने खोलीपासून सुरुवात केली आणि घरमालकिणीच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत गेली. भाऊजींचे ओठ दोनदा 'मुद्द्यावर' या आकारात आले. पण ते ऐकत राहिले, बस येईपर्यंत. बस गेल्यावरही बराच वेळ तिथेच उभे होते.

ऑफिसात अर्थातच समाधान पुन्हा नवावर आलं. संस्थेने अभ्यास करून निर्णय घेतला की, यापुढे लोकांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला विमानाने पाठवावं, सर्दी असणाऱ्यास प्राधान्य.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त मघाशी, हे वाचत असताना, घरातलं कुणीतरी तुमच्याशी काहीतरी बोललं आणि तुम्ही मान वर न करता "हं, चालेल" म्हणालात. काय चालेल म्हणालात, ते जरा विचारून या. तुम्ही तर विमानातही बसला नव्हतात.