अपडेटवाले सोपानकाका

आमच्या शेजारच्या सोपानकाकांचा झाडू एकदा घरातून पळून गेला.

खोटं नाही सांगत. आमचं गाव शनिशिंगणापूर. इथल्या घरांना दारं नसतात. कुत्री शिरू नयेत म्हणून उंबऱ्यात एक फळी आडवी लावतात, एवढंच. अशा घरात काकांनी आपोआप केर काढणारं यंत्र आणलं. काळं, गोल, पोळपाटाएवढं. त्या दिवशी कमलकाकूंनी सडा घालायला फळी बाजूला काढली आणि हा गडी थेट रस्त्यावर! देवळाकडे निघालेल्या गर्दीतून सरळ चाललाय. एका भाविकाने चपला काढून हात जोडले. दुसरा तेलाची बाटली उघडायला लागला. मागून पायजमा सावरत काका धावताहेत, "आवो, तेल नका वतू! झाडू हाय त्यो!"

सगळी उमर नगरला फ्रीज दुरुस्त करण्यात घालवून काका गावी परतले, पण हात काही स्वस्थ बसेनात. बाजारात नवं यंत्र आलं की काकांना आधी वास लागतो. पार्सलवाल्याला आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा माहीत नाही.

अडचण कुठलीही असो, काकांचा उपाय ठरलेला. "अपडेट मारा." पाण्याची मोटार बंद पडली, अपडेट मारा. माझा गुडघा दुखतो म्हटलं, तरी "आदी अपडेट मारा." एकदा काकूंची भाकरी करपली. काका म्हणाले, "तव्याला अपडेट पायजे." त्या दिवशी काका आमच्याकडे जेवले.

त्यांच्या घरात बाईच्या आवाजात बोलणारा एक डबाही आहे. तोंडाने सांगितलं की दिवा लावतो. मात्र त्याला पुस्तकी मराठीच कळते.

"लाईट लाव गं," काका म्हणतात.

"क्षमस्व, मला समजले नाही."

"आगं लाव की, लई भाव खाऊ नको!"

"क्षमस्व."

शेवटी काकू उठतात आणि भिंतीवरचं बटण दाबतात.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी काकांकडे चहाला बसलो होतो. काका सारखे मोबाईल बघत होते. चहावर साय धरली तरी कप उचलेनात.

"काय झालं काका?"

"टिंग झालं न्हाई आजून," म्हणाले, आणि उठून अनवाणीच पळत सुटले. काही न कळून मीही मागोमाग.

काका शिरले ते त्यांच्या घरामागे राहणाऱ्या भागाबाईच्या घरात. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले की म्हातारी उन्हाळ्यापर्यंत एकटीच असते. ती मोरीजवळ पडली होती. शुद्धीवर होती, पण ओरडून ओरडून आवाज बसला होता. काकांनी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"मावशे, म्या आलोय. घाबरू नगं."

मी धावत जाऊन टेम्पो आणला. दवाखान्यात कळलं, खुब्याचं हाड मोडलंय.

बाहेर बाकावर बसल्यावर काकांनी सगळं सांगितलं. भागाबाईच्या पाण्याच्या माठाच्या वर भिंतीला त्यांनी एक छोटं यंत्र लावलं होतं. समोर कुणी हललं की काकांच्या मोबाईलवर टिंग वाजायचं. म्हातारी सकाळी उठून माठापाशी आली, की काकांना घरबसल्या कळायचं.

"तिला माहीत आहे हे?"

"सांगूनच लावलंय. म्हनली, लाव बाबा, तेवडाच तुजा जीव रमंल."

मी हसलो. काका हसले नाहीत.

"आमची आय आशीच पडली हुती," ते म्हणाले. "मी नगरला. सकाळी पडलेली, लोकांना दुपारी कळलं. तवर..."

चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले, बराच वेळ.

भागाबाई बरी होऊन घरी आली. आता वॉकर धरून चालते. यंत्र तसंच आहे, टिंग रोज वाजतं. तरीही काका सकाळी तिच्याकडे जातातच. परवा ते दुधाचा तांब्या घेऊन निघालेले दिसले, तेव्हा मी विचारलं, "काका, ती उठल्याचं मोबाईलवर कळतंय ना? मग रोज कशाला जाता?"

"कळतंय की," काका म्हणाले. "पन तिला येकटीला चा ग्वाड लागत न्हाई."

आणि दूध सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत, तिच्या घरात शिरले.