सर्वांना सोयीची जागा

टेकडीवर पवनचक्की उभारण्याआधी गावाला विश्वासात घ्यायचं असं कंपनीने ठरवलं आणि त्यासाठी एक समन्वयक आणि एक फुगा पाठवला. फुगा लालभडक, खोलीएवढा. समन्वयक मध्यम.

फुग्याचं काम सोपं होतं. चाकांच्या गाडीवर रहाट, रहाटाला लांबलचक दोर आणि दोराच्या टोकाला, पवनचक्कीचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर, फुगा. चक्की कुठून किती दिसेल ते लोकांना घरबसल्या कळावं, एवढाच उद्देश. समन्वयकाचं काम अवघड होतं. गावाचं एकमत झालं की घराजवळ बदली, असा मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता. बायको रोज फोनवर विचारायची, "झालं का हो एकमत?"

"होत आलंय."

"पडद्यांच्या रंगावर आपलं दोघांचं अजून होत नाहीये. तिथे तर अख्खं गाव आहे!"

पहिल्याच सभेत त्याने नियम सांगितला. "ज्याला फुग्याचा त्रास होईल, त्याने बेलाशक गाडी ढकलावी आणि त्रास होणार नाही अशा जागी न्यावी. जागा तुम्ही ठरवायची, आम्ही फक्त ऐकायचं." आजवर या गावाला कुणी काही ठरवायला दिलं नव्हतं. टाळ्या पडल्या.

टेकडीच्या माथ्यावर वारा असा होता की फुगा उभा राहायलाच तयार नव्हता. दोर आडवा व्हायचा आणि फुगा भर बाजारपेठेवर येऊन डुलायचा. दुपारी न्हावी वस्तरा हातात घेऊनच आला.

"साहेब, तुमचा फुगा माझ्या आरशात येतो. गिऱ्हाईक बघायला मान वळवतं. आणि ती मान त्या वेळी माझ्या हातात असते."

"मग ढकला की गाडी."

न्हाव्याने ती शाळेच्या मागच्या उतारावर नेली. तिथे वारा जरा कमी, पण लहरी. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर हजर. "फुगा डावीकडे गेला की वर्ग डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. फळ्याकडे बघणारा मी एकटाच उरलोय, तोही पाठमोरा." त्यांनी गाडी खाली बेकरीमागच्या मोकळ्या जागेत आणली.

बेकरीच्या माडीवर समन्वयक भाड्याने राहत होता, तेव्हा बेकरीवाल्या काकू आपल्यातल्याच, असा त्याचा समज होता. संध्याकाळी एक झुळूक आली, दोर खाली झुकला, काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांत अडकला आणि वर जाताना काकांची विजार घेऊन गेला. चट्ट्यापट्ट्यांची ती विजार वाऱ्याने फुगली आणि गावाने ती अंगणात उभं राहून पाहिली.

"अहो, चक्की कुठून किती दिसेल ते दाखवणार होतात ना?" काकू कडाडल्या. "आमच्या ह्यांची विजार कशाला दाखवता? माणूस तेव्हापासून घराबाहेर पडलेला नाही!"

"काकू, चक्कीला दोर नसतो."

"विजारीला नाडी असते, तरी गेलीच ना वर?"

काकूंनी चार माणसं लावून गाडी ढकलली ती थेट टेकडीच्या पाठीमागे, दगडाच्या जुन्या खाणीत. तिन्ही बाजूंनी उंच कडे. फुगा जेमतेम कड्याच्या वर डोकं काढून, कवायतीतल्या शिपायासारखा ताठ उभा राहिला. न्हाव्याच्या आरशात काही येईना. वर्ग फळ्याकडे बघू लागला. काका घराबाहेर पडले. सभेत हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर झाले, इतके की समन्वयकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने त्याच पावली साहेबांना फोन केला आणि खोलीवर येऊन बॅग भरली.

मोठे साहेब आले. खाणीच्या काठावर गाव जमलं होतं.

"एकमत?" साहेबांचा विश्वास बसेना. "कोर्टकचेरी नाही, मोर्चा नाही?"

"एक हातसुद्धा खाली नव्हता, साहेब."

साहेब फुग्याकडे बघत राहिले. "दोर किती सरळ आहे हो."

"अहो, आल्यापासून तसूभर हललेला नाही!" समन्वयक अभिमानाने म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडातून बाहेर पडलं, आणि मग कानांतून आत शिरलं.

"आपण इथे काय उभारणार आहोत?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

"पवनचक्की."

"ती कशावर फिरते?"

समन्वयकाने बुटांकडे पाहिलं. साहेब गावाकडे वळले. "अहो मंडळी, पण इथे वाराच नाही!"

"नाहीच," काकू म्हणाल्या. "म्हणून तर एकमत झालं. सगळा त्रास त्या वाऱ्याचाच होता. हे तुमचे समन्वयक म्हणाले, त्रास होणार नाही अशी जागा शोधा. शोधली."

"वारा हा विषय सभेपुढे आलाच नव्हता," हेडमास्तरांनी पुस्ती जोडली.

एवढं निर्भेळ एकमत साहेबांनी नोकरीत प्रथमच पाहिलं होतं आणि ते टाकून द्यायला त्यांचं मन होईना. शेवटी गाडीत बसता बसता ते समन्वयकाला म्हणाले, "असं करा. जागा बदला. एकमत मात्र हेच ठेवा. मग बदलीचं बघू."

त्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तो बॅगेतले शर्ट काढून पुन्हा खुंटीला लावत होता.

"झालं का हो एकमत?"

"झालं."

"अगं बाई! मग येताय कधी?"

खिडकीबाहेर, टेकडीच्या खांद्यावरून, लाल फुग्याचा माथा दिसत होता. जागच्या जागी.

"वारा सुटला की," तो म्हणाला.