दाढेला नाही, तर भिंतीलाही नाही

गिरमिट आरशासमोर उभा राहून स्वतःच्या दाढेला पुट्टीचा दुसरा हात देत होता, तेवढ्यात बायको आत आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"आँ," गिरमिट म्हणाला. आ वासून माणसाला एवढंच म्हणता येतं.

"ती भिंतीची पुट्टी आहे ना?"

गिरमिटने हाताने 'थांब' अशी खूण केली, छोट्या पत्र्याने दाढेवरचा जास्तीचा माल काढला आणि मग म्हणाला, "वॉटरप्रूफ आहे."

भिंतींना भोकं पाडणं हा त्याचा धंदा. पडद्याचे दांडे, फळ्या, आरसे, टीव्हीचे स्टँड. बारा वर्षं तो ड्रिल घेऊन घरोघर फिरत होता, म्हणून सगळे त्याला गिरमिट म्हणत. सासूसुद्धा. उजवीकडची खालची दाढ किडली तेव्हा पहिला आठवडा त्याने डावीकडून चावून काढला. दुसरा मिठाच्या पाण्यावर, तिसरा लवंगेवर. आता पुट्टी. दंतवैद्याचा विषय निघाला की त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"ड्रिल काय करतं ते मी रोज बघतो. माझ्या तोंडात ड्रिल जाणार नाही."

हे तो इतक्या शांतपणे म्हणायचा, की भांडायचं कुठून सुरू करावं तेच कळायचं नाही. पण बायकोही कच्ची नव्हती. तिने दोन दिवसांत असा दवाखाना शोधून काढला, जिथे ड्रिलशिवाय दात दुरुस्त करतात.

"ड्रिलशिवाय? मग काय, फुंकर मारतात?"

"जेल लावतात. कीड मऊ होते. मग ती हाताने खरवडतात."

"हाताने!" गिरमिटला कारागीर म्हणून हसू आलं आणि पेशंट म्हणून रडू. "अगं, हाताने कधी काम होतं का?"

"झालं नाही तर पुट्टी आहेच," बायको म्हणाली. "चपला घाला."

दवाखाना नवा होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि एकदा ठरवलं की ठरवलं, हे त्यांच्या हनुवटीवरूनच कळत होतं. त्यांनी आरसा आत घातला आणि दाढेवर हत्याराने हलकेच टकटक केलं.

"हे पांढरं काय आहे?"

"पुट्टी."

"कोणी भरली?"

"मीच. दोन हात."

बाईंनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. "फिनिशिंग चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण ओल्या भिंतीला रंग दिला तर काय होतं?"

"फुगतो," गिरमिट मान खाली घालून म्हणाला. आपण इतरांना देतो तो सल्ला त्याला पहिल्यांदाच ऐकावा लागत होता.

"तेच झालंय. पण नशीब तुमचं, कीड अजून दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नाही. आणि भोक चांगलं ऐसपैस आहे, त्यामुळे जेल आतपर्यंत पोचेल. ड्रिल लागणार नाही."

"शब्द देता?"

"माझ्याकडे ड्रिलच नाही."

पुट्टी निघाली. जेल लागलं. मिनिटभर थांबायचं, मग बाई चमच्यासारख्या इवल्याशा हत्याराने मऊ झालेली कीड खरवडायच्या, की पुन्हा जेल. आवाज नाही, धूळ नाही. गिरमिटला दुखतही नव्हतं, याचं त्याला जरा वाईटच वाटत होतं. इतकं घाबरून काहीतरी वसूल व्हायला हवं होतं.

तिसऱ्या खेपेचं जेल दाढेत असताना बाहेर धाडकन आवाज झाला.

"आज तिसऱ्यांदा," बाई हत्यार खाली न ठेवता म्हणाल्या.

बाहेर वाट बघणाऱ्या पेशंटांच्या डोक्यावर भिंतीला एक जाड लाकडी पाटी होती: 'इथे ड्रिल वापरले जात नाही.' आता ती एका आजोबांच्या मांडीवर होती.

"आँ आँ आँ?" गिरमिटने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं.

"डबल टेपने लावलीय," बायकोने दारातून बघून सांगितलं. नवऱ्याची ही भाषा तिला आता चांगली येत होती.

गिरमिटने डोळे मिटून घेतले. दाढ दुखत असताना त्याने इतका वेदनेचा चेहरा केला नव्हता.

चौथ्या खेपेनंतर दाढ स्वच्छ झाली, भरली गेली, आणि तोंड मोकळं होताच तो उठून बसला. "मॅडम, एवढी वजनदार पाटी टेपवर? चार भोकं पाडतो. पिशवी बरोबर आहे. दोन मिनिटांचं काम."

"ड्रिलने?"

"मग काय, फुंकर मारून?"

"बाहेर पाच माणसं बसलीत. ड्रिलचा आवाज येत नाही म्हणून ती इथे आलीत. तुम्ही घर्रर्र केलंत, की पाचही जण जिन्यावर."

"मॅडम, भिंतीला ड्रिलच लागतं."

"दाढेलाही लागतं, असं सगळे म्हणतात," बाई हातमोजे काढत म्हणाल्या. "मी तुमच्या तोंडात हाताने काम केलं. तुम्हाला भिंतीत जमणार नसेल तर राहू दे."

'राहू दे' हे दोन शब्द कारागिराला सांगायचे नसतात. गिरमिट उठला, बाहेर गेला आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघू लागला. ठक ठक. ठक ठक. धब धब.

"भिंत किडलीय," तो म्हणाला.

पाचही पेशंटांनी आपापल्या गालाला हात लावला.

त्याने प्लास्टरवर ओलं फडकं दाबून धरलं. मऊ झालेलं प्लास्टर पुट्टीच्या पत्र्याने खरवडलं. पुन्हा फडकं, पुन्हा खरवडणं. ठोकायचंसुद्धा नाही, कारण ठोकण्याचा आवाज ऐकून एक काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. चार कोपऱ्यांत चार खळगे करायचे, त्यांत लाकडाचे ठोकळे बसवायचे, भोवती झटपट सुकणारं प्लास्टर भरायचं आणि ते सुकलं की स्क्रू हाताने पिळायचे. दुसऱ्या खळग्याशी त्याच्या तळहाताला फोड आला. तिसऱ्याशी तो फुटला.

"थोडं अजून डावीकडे," आजोबा म्हणाले. तोपर्यंत सगळेच तज्ज्ञ झाले होते.

"आजोबा, तुमचा नंबर कितवा?"

"माझा होऊन गेला. मी हे बघायला थांबलोय."

साडेतीन तासांनी पाटी लागली. गिरमिट तिला लोंबकळून बघणार होता, पण बायकोने शर्ट धरला. पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या. बाई खूश होऊन म्हणाल्या, "या, त्या आनंदात डावी बाजूही बघून टाकू."

डाव्या बाजूला आणखी एक दाढ किडलेली निघाली.

"हिचं वेगळं आहे," बाई म्हणाल्या. "वर टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि कीड आत पसरलेली. जेल आत जायला वाटच नाही. आधी वाट करावी लागेल."

"हाताने?"

"हाताने नाही होत. ड्रिल लागतं. समोर आमचे सर बसतात, त्यांच्याकडे जा. मिनिटभराचं काम आहे."

बायकोने दार अडवलं. आता हा पळणार, याची तिला खात्री होती. पण गिरमिट आपल्या तळहाताकडे बघत होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दोन मिनिटांच्या कामाला साडेतीन तास घालवणारा माणूस मूर्ख असतो."

"अहो, पण तुमच्या तोंडात ड्रिल..."

"जाणार. आजच जाणार. तू अडवू नकोस."

समोरच्या दवाखान्यात वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी इंजेक्शन दिलं, थोडं थांबले आणि ड्रिल हातात घेतलं.

"बिट कितीची लावली?" गिरमिटने विचारलं.

"काय?"

"सुरुवात हळू करा. तिरकी धरू नका, घसरते. आणि मागे पाइप-बिइप नाही ना, ते आधी बघून घ्या."

डॉक्टरांचा हात थांबला. "धंदा काय तुमचा?"

"भिंतींना भोकं पाडतो."

"तिथे मालक मागे उभा राहून असं सांगतो का हो?"

"रोज."

"आणि मग तुम्ही काय करता?"

"ड्रिल चालू करतो. म्हणजे ऐकू येत नाही."

डॉक्टरांनी समजल्यासारखी मान हलवली आणि ड्रिल चालू केलं. गिरमिटने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि तोंड उघडलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याला भिंतींबद्दल वाईट वाटलं.