काकांचा हलका हात

इंजेक्शन द्यावं तर काकांनी, असं सगळी गल्ली म्हणायची. निदान काका तरी तसं सांगायचे. त्यांची हयात कारखान्याच्या मोजमाप विभागात गेलेली. गल्लीनं त्यांना ‘इंचटेप’ हे नाव ठेवलं होतं आणि काका ते बढती मिळाल्यासारखं मिरवायचे. काकूंना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं दोघांना समोर बसवून इन्सुलिनचं पेन कसं वापरायचं ते दाखवायला घेतलं. काकांनी पहिली दोन वाक्यं ऐकली आणि उरलेला वेळ तिच्या टेबलाचा एक पाय कसा आखूड आहे ते तिला पटवण्यात घालवला.

घरी आल्यावर काकूंनी पेनासाठी हात पुढे केला, तर काकांनी तो बाजूला सारला. नवी सुई लावली, बाहेरचं मोठं टोपण काढलं. आत आणखी एक बारीक टोपण होतं. कारखान्यात एखाद्या नाजूक उपकरणाच्या टोकावरचं आवरण कुणी काढलं की काका त्याची सालटी काढायचे. तेव्हा हे टोपण जागेवरच राहिलं. दरवेळी आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का ते पाहा, असं पेनासोबतच्या कागदावर छापलं होतं. औषध काय हवेला पाजायचंय, असं म्हणून काकांनी तेही रद्द केलं. मग काकूंच्या पोटावर पेन टेकवून त्यांनी बटण दाबलं आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात दहापर्यंत मोजलं.

“टोचलंच नाही हो,” काकू म्हणाल्या. “आणि ओलं लागतंय.”

“घाम असेल. आणि टोचलेलं कळलं नाही ना, त्यालाच हलका हात म्हणतात.”

हात इतका हलका, की साखर खाली यायचं नाव घेईना. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला, पुढच्या खेपेला आणखी वाढवला. इंजेक्शन नीट देता ना, असं त्यांनी विचारलं तेव्हा काका दिवसभर फुरंगटून बसले. आपलं चुकणं शक्यच नसल्यामुळे चूक कुणाची ते उघड होतं. बायको चोरून गोड खाते! साखरेचा डबा, बिस्किटं, फळं, सगळं कपाटात गेलं. कपाटाला कुलूप लागलं, किल्ली काकांच्या खिशात गेली. त्यावरही समाधान होईना म्हणून त्यांनी घरोघरी जाऊन बजावलं, की ही मागायला आली तरी चिमूटभर साखर देऊ नका.

काकूंनी आयुष्यात कुणाच्या वस्तूला न विचारता हात लावला नव्हता. आता त्या आल्या की शेजारीण बरण्या आत सरकवायची. पायाला झालेली एक जखम भरत नव्हती, नजर अंधूक होत चालली होती, पण काकू रडायच्या त्या या बरण्यांपायी. आणि काका बागेतल्या बाकावर बसून मित्रांना सांगायचे, की बाईमाणसाच्या जिभेवर ताबा नसतो.

अशातच लेक माहेरी आली. संध्याकाळी काका बाकावर होते, म्हणून इंजेक्शन तिनं द्यायला घेतलं. कागद वाचला, दोन्ही टोपणं काढली, थेंब येतो का ते पाहिलं आणि काकांनी लिहून ठेवलेला वाढीव डोस दिला. काकू कळवळल्या. तुझे बाबा देतात तेव्हा कळतसुद्धा नाही, असं म्हणाल्या. लेकीला ते विचित्र वाटलं, पण ती पानं घ्यायला उठली. काका आल्याशिवाय पानावर बसायचं नाही, हा घरचा कायदा. काका बाकावर रंगात आले होते.

थोड्याच वेळात काकूंना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं. लेकीनं साखरेसाठी कपाटाकडे धाव घेतली, तर कुलूप. शेजारणीकडे धावली, तर तिनं दारातच अडवून सांगितलं, की बाबांनी सक्त मनाई केलीय. लेकीनं तिला ढकललं, साखरेची बरणी उचलली आणि पळत सुटली. ती आईला साखरेचं पाणी पाजतेय, मागोमाग धावत आलेली शेजारीण डोकं धरून बसलीय, अशा वेळी काका दारात उभे राहिले.

“सापडलात!” काका गरजले. “मुद्देमालासकट!”

कुणी वर पाहिलं नाही. काकूंचे डोळे जरा स्थिर झाले, त्यांना ओळख पटू लागली, तेव्हा कुठे लेक उठली. वापरलेल्या सुया काका शिस्तीत एका डब्यात भरून ठेवायचे. तिनं तो डबा त्यांच्यासमोर टेबलावर उघडून धरला. प्रत्येक सुईवर बारीक टोपण तसंच होतं. एकीनंही कातडीला स्पर्श केला नव्हता. काका खुर्चीत बसले. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास करणारा माणूस एकेक सुई उचलून पाहू लागला. लेकीनं आईला जेवू घातलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि डोस पुन्हा पहिल्याइतका करून घेतला.

काका रात्रभर जागे होते. सकाळी त्यांनी कपाटाची किल्ली काकूंपुढे ठेवली आणि पेन हातात घेतलं. काकूंनी ते काढून घेतलं. आतलं टोपण काढलं, थेंब पाहिला, पोटात सुई टोचली आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं.

“दुखलं का?” काकांनी खालच्या आवाजात विचारलं.

“दुखलं,” काकू म्हणाल्या. “पण हे लगेच थांबतं.”

किल्ली त्यांनी उचललीच नाही. ती काकांना स्वतःलाच परत खिशात टाकावी लागली.