स्मरणशक्तीची शिकवणी

गेल्या हिवाळ्यात लातूरकडच्या मुरुडमधल्या आमच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीची पाहणी झाली. ती होण्याआधी माणिकराव सरांनी तिची शिकवणी घेतली.

सर गणिताचे निवृत्त शिक्षक. आमच्या समोरच्या घरात ते आणि काकू, दोघंच राहतात. लातूर जिल्ह्यात परीक्षा म्हटली की क्लास आलाच, आणि सरांना तर परीक्षेशिवाय जग दिसत नाही. भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, भेटेल त्याला ते एकच विचारतात, "रिव्हिजन झाली का?" एकदा मांडवात नवरदेवालाही विचारलं. तो हो म्हणाला.

पाहणीची बातमी धर्माबादहून आली. सरांचे साडू तिथे राहतात. त्यांच्याकडे ती आधीच होऊन गेली होती. सरांनी फोनवर सगळे प्रश्न काढून घेतले. आज वार कोणता, तीन शब्द ऐकून थोड्या वेळाने परत सांगा, घड्याळ काढा. शिवाय शाळा किती झाली, बीपी-शुगर आहे का, ऐकू नीट येतं का, तंबाखू खाता का, दिवसात किती जणांशी बोलता. म्हातारपणी विसर कशामुळे वाढतो ते शोधायला हे विचारतात, असं साडूंनी समजावलं. सरांनी एवढंच ऐकलं की पेपर तोंडी आहे.

दुपारी कडुनिंबाखाली वर्ग भरू लागला. फळा, खडू, सतरंजीवर दहा-बारा म्हातारे. माझी आईही जायची. ऊन मऊ असायचं, अर्धे लोक डुलक्या घेत असायचे, आणि झोपेतूनच सगळे एका सुरात म्हणायचे, "आंबा, कुलूप, नदी." लांबून ऐकलं तर कुणी गल्लीला अंगाई म्हणतंय असं वाटे.

"तंबाखू?" सर विचारत.

"सोडली," भुजंगतात्या गालात तंबाखू धरून म्हणत.

"थुंकून सांगा."

वर्ग कुणासाठी आहे हे गल्लीला माहीत होतं. काकू पुढे बसत. वर्षभरापासून त्या आमटीत दोनदा मीठ घालत, दाराशी येऊन कुठे निघालो ते विसरत. त्यांना एकटीला शिकवलं तर त्यांच्या लक्षात येईल, म्हणून सरांनी सगळ्यांना बसवलं होतं. आई एकदा म्हणाली, "सर, लातूरला डॉक्टरला दाखवा की."

"आधी परीक्षा होऊ द्या," सर म्हणाले. "ती पास होईल बघा."

पाहणीला आलेल्या मुलीने शब्द बदलून आणले होते. तिने खुर्ची, चंद्र, पितळ असं सांगितलं आणि थोड्या वेळाने विचारलं, तर घरोघर एकच उत्तर मिळालं: आंबा, कुलूप, नदी. आईनेही तेच दिलं, आणि वर म्हणाली, "बरोबर हाय न्हवं?" मुलीने पेन खाली ठेवून पाणी मागितलं.

सरांनी त्यांच्या घरी मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. काकूंना ना जुने शब्द आठवले ना नवे. सर मुलीच्या मागे उभे राहून ओठ हलवत होते.

"आजोबा, तुम्ही सांगू नका," मुलगी न बघताच म्हणाली. "यांच्यात काही फरक जाणवतो का?"

"न्हाई. काहीच न्हाई."

तिने काकूंना विचारलं, "आजी, हे कोण तुमचे?"

"हे आमचे सर," काकू म्हणाल्या. "लई चांगलं शिकवतात. एकदा बी ओरडले न्हाईत."

सर खुर्चीवर बसले. मग ते म्हणाले, "फरक हाय. लिहा."

लातूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. बाकीच्यांनी वर्ग सोडला. काकू मात्र रोज दुपारी लुगडं नीट करून सतरंजीवर येऊन बसतात, त्यामुळे वर्ग चालू आहे. आता पाठांतर नसतं. सर विचारतात आणि काकू सांगतात: नांदेडचं माहेर, गोदावरीचा घाट, बहिणींनी ओल्या वाळूत केलेली घरं, त्या घरांना ठेवलेली नावं. यातलं बरंचसं सर पहिल्यांदाच ऐकतात.

गेल्या आठवड्यात काकूंनीच प्रश्न विचारला.

"सर, तुमचं लग्न झालंय?"

"हाव."

"बाई कुठल्या?"

"नांदेडच्या."

काकूंनी जरा विचार केला. "मग चांगलंय. आमच्याकडच्या बायका जीव लावतात."

"लावतात," सर म्हणाले.

त्या दिवशी वर्ग दिवे लागेपर्यंत चालला.