थोरली पाती

मीटरकाकांच्या बाथरूममधलं पाणी खाली आपल्या स्वयंपाकघरात गळतं, असं खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांचं म्हणणं होतं. ते पाणी नसून ओल आहे आणि ती भिंतीतून खालून वर चढते, असं मीटरकाकांचं म्हणणं होतं. या मुद्द्यावर दोन्ही घरांतल्या पुरुषांचं बोलणं बंद पडलं होतं. जिन्यात गाठ पडलीच तर एक जण वर बघायचा आणि दुसरा खाली, आणि दोघांनाही आपापला पुरावा दिसायचा.

मीटरकाका वीज कंपनीतून निवृत्त झाले होते. नोकरीभर ते लोकांच्या जिन्याखाली वाकून मीटरवरचे आकडे टिपत आले. कुणाच्या दारात सायकल आडवी, कुणाच्या दारात कुत्रा उभा. आत कुणी विचारलं, "कोण आलंय?" तर उत्तर ठरलेलं, "कुणी नाही, मीटरवाला." हे 'कुणी नाही' त्यांनी इतकी वर्षं ऐकलं होतं, की निवृत्त झाल्यावर त्यांना आपण खरंच कुणी आहोत की नाही अशी शंका यायला लागली होती.

त्यातच वाढदिवसाला जावयाने एक भेट दिली. एक डबी यायची, तिच्यात थुंकायचं, घराण्याची ठाऊक असेल ती माहिती भरायची आणि परत पाठवायची. मग एक कंपनी तुमचे पूर्वज शोधून देते. काका मन लावून थुंकले. महिन्याभराने सोनेरी कडेचं, चारी बाजूंनी वेलबुट्टी असलेलं प्रमाणपत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की काका एका डोंगराळ राज्याच्या राजाचे थेट वंशज आहेत.

"थुंकून राज्य मिळालेलं पहिल्यांदाच ऐकते आहे," काकू म्हणाल्या. पण मग काकांकडे नीट बघून त्यांनी मान डोलावली. "तरीच. बसल्या जागेवरून पाणी मागायची सवय कुणाच्या वळणावर गेलीय, ते आत्ता कळलं."

काकांनी प्रमाणपत्राची फ्रेम करून ती बैठकीच्या खोलीत टांगली. आठवडा गेला नाही तोच दारावर नवी पाटी आली. आडनावाच्या आधी ठसठशीत अक्षरांत 'श्रीमंत राजे'. काकांची चाल बदलली. पोक काढून चालणारा माणूस ताठ झाला. बोलण्यात 'मी'च्या जागी 'आम्ही' आलं.

"आम्ही आज लवकर जेवू," ते म्हणाले.

"आम्ही म्हणजे कोण कोण?" काकूंनी विचारलं. "पानं किती घेऊ?"

पदवी मिरवायची तर ती सगळीकडे हवी, म्हणून काकांनी बँकेत नावाआधी 'श्रीमंत' लावून घेतलं. बँकेच्या संगणकाने त्या शब्दाचा सरळ अर्थ घेतला. दुसऱ्या दिवसापासून गोड आवाजाच्या मुली फोन करून विचारू लागल्या, की सर, तुमची मोठी रक्कम कुठे गुंतवायची. काकांनी रक्तदाबाच्या गोळ्या नव्या नावाने मागवल्या. पार्सलवाल्याने ओळखपत्र मागितलं, त्यावर 'राजे' नव्हतं. तो म्हणाला, "आजोबा, ज्यांचं पार्सल आहे त्यांनाच पाठवा," आणि गोळ्या परत घेऊन गेला. त्यामुळे रक्तदाब वाढला आणि काकांना दवाखान्यात जावं लागलं. तिथल्या बाईंनी भरलेल्या खोलीत नाव पुकारलं, "श्रीमंत राजे कोण आहेत? राजे, लघवी आणलीत का?" झाडून सगळे बघायला लागले. राजे उठले आणि हातातली बाटली रुमालाखाली धरून, जमेल तेवढ्या इतमामाने आत गेले.

एवढं होऊनही काकांनी पाटी काढली नाही. उलट इमारतीचे सेक्रेटरी जेव्हा चष्मेवाल्यांची गळतीची तक्रार पुन्हा घेऊन आले, तेव्हा काका म्हणाले, "त्यांना रीतसर विनंती करायला सांगा. आम्ही हल्ली जिन्यातल्या गोष्टींत लक्ष घालत नाही."

सेक्रेटरींनी निरोप जसाच्या तसा खाली पोचवला. चष्मेवाले त्या वेळी स्टुलावर चढून छताला पुठ्ठा लावत होते. ते खाली उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "बरं."

दोन दिवसांनी संध्याकाळी काकांच्या दाराची बेल वाजली. दारात चष्मेवाले उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात फाईल.

"राजे आहेत का?"

"आहेत की," काकू म्हणाल्या. "या ना आत." भांडण असलेल्या घरातल्या माणसाला बोलवावं त्यापेक्षा त्या बऱ्याच मोकळेपणाने बोलल्या, पण काका खुर्चीत सावरून बसण्यात गुंतले होते, त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

चष्मेवाले बसले. "तुमचं ऐकून मीही आमच्या घराण्याचा शोध लावायला दिला होता. म्हटलं बघू तरी. तर हे असं निघालं." त्यांनी फाईलमधून एक कागद काढून पुढे केला. "तुमचे जे राजे, त्यांना दोन मुलगे. धाकट्याच्या वंशातले तुम्ही. थोरल्याच्या घरातली मुलगी पुढे आमच्या आजोळी दिली होती. म्हणजे मी आईकडून तिथला."

काकांनी कागद घेतला. हात लांब करून पाहिला, ट्यूबलाइटखाली धरून पाहिला, मग नाकाजवळ आणला. चौकटी दिसत होत्या, बाण दिसत होते, वरचा मुकुट अंधुक दिसत होता. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. पण समोर चष्मेवाला बसलेला असताना 'दिसत नाही' म्हणणं काकांच्या जिवावर आलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही थोरली पाती."

"कागद तसं म्हणतो."

"वयाने मी मोठा आहे."

"आहात ना. पण पाती थोरली आमची. त्याला तुमचाही इलाज नाही आणि माझाही." चष्मेवाले उठले. "मी काही मागायला नाही आलो. धाकट्या घराने एकदा थोरल्या घरी चहाला यावं, एवढंच. हा कागद राहू दे तुमच्याकडे."

ते गेल्यावर काका खोलीभर फिरत राहिले. "हे काहीतरीच आहे," ते म्हणाले. "कुणीही उठून कागद आणेल आणि भाऊबंद होईल."

"मग तो खोटा म्हणा," काकू म्हणाल्या. "पण एक वंशावळ खोटी म्हटली की लोक दुसरीकडेही बोट दाखवणार. तुमची भिंतीवर टांगलेली आहे."

काकांनी भिंतीकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ठेवणीतला कोट घालून ते खाली गेले.

चष्मेवाल्यांच्या घरी बैठकीत सामान रचलेलं होतं, म्हणून बसणं स्वयंपाकघरातच होतं. काकांनी कपाला हात लावला तोच वरून एक थेंब टप्पकन त्यांच्या चहात पडला. मागोमाग दुसरा.

"पातळ झाला असेल. दुसरा करते," चष्मेवाल्यांच्या बायकोने कप उचलला. हे तिने इतक्या सवयीने केलं, की काकांना मान वर करावीच लागली. छतावर मोठा तपकिरी डाग होता. त्याच्याखाली बादली होती. आणि गॅसच्या शेगडीवर, फळीला दोरीने बांधून, एक उघडी काळी छत्री धरलेली होती.

"ही छत्री कशाला?"

"राजघराण्यात छत्र असतंच," चष्मेवाले म्हणाले. "राजवंश आत्ता कळला, पण छत्र बऱ्याच दिवसांपासून आहे."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

चष्मेवाले बशीकडे बघत बसले, त्यांची बायको गाळणीकडे. काकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ओल खालून वर चढते, हे आपणच सेक्रेटरींना आकृती काढून पटवलं होतं, हे त्यांना आठवलं.

त्याच दिवशी प्लंबर बोलावला. दारावरची पाटी वाचून त्याने खर्चाचा असा काही अंदाज सांगितला, की काकूंनी त्याला चहा देऊन वाटेला लावलं, पाटीवर ओला टॉवेल वाळत घातला आणि दुसरा प्लंबर बोलावला. दुसऱ्याने फरशी उखडली. खालचा पाइप पार कुजून गेला होता.

बाथरूम खणलेलं असेपर्यंत आंघोळीची सोय थोरल्या घरी झाली. काका रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून जिना उतरायचे. कुणी विचारलंच, "राजे, स्वारी कुठे?" तर म्हणायचे, "थोरल्या घरी." आंघोळीनंतर चहा आणि चहाबरोबर गप्पा. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून चष्मेवाले त्यांच्याबरोबर फिरायला जायला लागले. काका त्यांना 'दादासाहेब' म्हणू लागले. सुरुवातीला जीभ अडखळायची, मग बसली.

चष्मेवाल्यांचा एक गुण असा, की ते ऐकून घ्यायचे. कुठल्या गल्लीतला कुत्रा फक्त खाकी पँटला चावायचा, कुणी मीटरमध्ये काय काय करून ठेवलं होतं, कुठल्या म्हातारीने भर उन्हात आपण होऊन पाणी दिलं होतं. काकांनी हे सगळं आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. बाथरूम दुरुस्त झालं, खालची छत्री सुटली, तरी फिरणं सुटलं नाही.

असंच एकदा फिरताना काकांनी रस्त्याच्या कडेच्या टपालपेटीला हात करून 'काय, बरं आहे ना?' असं विचारलं. चष्मेवाल्यांनी त्यांना तिथूनच दुकानात नेलं, डोळे तपासले आणि आठवड्याने चष्मा आणून दिला. "थोरल्या घराकडून," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी चष्मा घातला आणि त्यांना नवं राज्य मिळाल्यासारखं झालं. त्यांनी वर्तमानपत्र वाचलं, औषधाच्या बाटलीवरचं वाचलं, कॅलेंडरच्या मागचं वाचलं. मग कपाटातून चष्मेवाल्यांची वंशावळ काढली. राजा दिसला, दोन मुलगे दिसले, आजोळ दिसलं. आणि अगदी तळाशी, फिक्या निळ्या छापील अक्षरांत एक ओळ दिसली: 'फ्रेमवर एक वर्षाची हमी. काचा फुटल्यास दुकान जबाबदार नाही.'

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. कुठल्याही राजवंशाला अशी हमी देत नसावेत. कागद हातात धरून ते तरातरा स्वयंपाकघराकडे निघाले, पण वाटेत भिंतीवर फ्रेम होती. ते थांबले. जवळ गेले. वेलबुट्टीच्या आत, ज्याला ते आजवर नक्षीच समजत होते, तिथेही अक्षरं होती: 'हे प्रमाणपत्र केवळ करमणुकीसाठी असून त्यातील नातेसंबंध काल्पनिक असू शकतात.'

काकूंना कणीक मळताना मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. काकांच्या हातात कागद होता आणि डोळ्यांवर चष्मा. काकूंनी एका नजरेत ओळखलं.

"तुला माहीत होतं," काका म्हणाले.

"खालच्या वहिनींनी आणि मी मिळून ठरवलं ते. तुम्ही दोघांनी बोलणं टाकलं म्हणून आम्हीही टाकायचं की काय? कपडे वाळत घालताना रोज बोलायचो. त्यांच्या शेगडीवर पाणी पडत होतं हो. तुम्ही कुणाचं ऐकेनात. म्हटलं, राजाचं तरी ऐकाल."

"आणि ही फ्रेम?"

"आणली त्याच दिवशी वहिनींना दाखवायला खाली नेली होती. तेव्हाच वाचलं त्यांनी."

"कुणी? चष्मेवाल्यांनी?"

"दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेतात ते. त्यांच्या नजरेतून सुटतंय होय?"

काका स्टुलावर बसले. "मग इतके दिवस मला राजे, राजे म्हणत होते, ते काय चेष्टेने?"

काकूंनी कणकेचे हात तसेच ठेवून क्षणभर विचार केला. "मी त्यांना म्हटलं होतं, सांगून टाका एकदाचं. तर म्हणाले, राहू दे वहिनी. माणूस ताठ चालायला लागलाय."

काका उठले, बैठकीत गेले. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाटीपर्यंत जाऊन आले. तो पुन्हा डब्यात ठेवला. दुपारभर ते झोपले नाहीत, वाचलंही नाही.

"एवढं काय मनाला लावून घेताय?" काकू शेवटी म्हणाल्या. "राजघराण्यात दत्तक घेतातच की. घ्या त्यांना दत्तक."

"दत्तक घ्यायला आधी घराणं लागतं," काका म्हणाले. पण बोलताना त्यांना थोडं हसू आलं.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला बेल वाजली. काकांनीच दार उघडलं. नव्या चष्म्यातून त्यांना चष्मेवाले पहिल्यांदाच इतके स्वच्छ दिसले. कानावरचे पांढरे केस, कपाळावरची आठी, आणि डोळ्यांत, बारकाईने पाहिलं तर, थोडी धास्ती.

"निघायचं ना, राजे?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "चष्मा कसा आहे? दिसतंय का सगळं?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, घडी घालून खिशात ठेवला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण फिरताना नको. नको ते दिसतं."

चष्मेवाल्यांनी काकांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून आत भिंतीकडे. तिथून त्यांची नजर टेबलावर उघड्या पडलेल्या कागदावर गेली. जिन्यात वरून कुणीतरी कपडे झटकल्याचा आवाज आला.

"बरं," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "मग सांभाळून, राजे. इथे पायरी आहे."

काकांनी हात धरला, पण पाऊल उचललं नाही.

"तुम्ही आधी उतरा, दादासाहेब," ते म्हणाले. "मान थोरल्या पातीचा."